लाल्ला गिझलानचं कुलूप

५ फेब्रुवारी, सोमवार

आज संघात एक बाई आली. बाई कसली, पोरगीच. नाव गिझलान, गाव कासाब्लांका. आमचे संचालक हाज बूअज्ज़ा तिला घेऊन माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "शर्की, आपल्या वेळापत्रकाला ही कुलूप लावणार आहे." पुढेही ते काहीतरी बोलत होते, ईदपर्यंत की ईदनंतर असं काहीसं. माझं लक्ष तिच्या बुटांकडे होतं. पांढरे बूट घालून कुणी दूधसंघात येतं का?

वेळापत्रक म्हणजे ज्यावर हा सगळा संघ चालतो ते सॉफ्टवेअर. गावोगावच्या केंद्रांवर जमलेल्या दुधाची बेरीज, मग टँकरच्या फेऱ्या, मग बेनी मल्लाल शहरातल्या दुकानांना जाणाऱ्या गाड्या. एक काम संपलं की पुढचं आपोआप सुटतं, आणि टँकरवाले पहाटे येतात तेव्हा फेऱ्यांचा कागद छापून तयार असतो. कुठल्याही संगणकावर ब्राउझर उघडायचा, पासवर्ड टाकायचा, की सगळा संघ समोर. ते मी बसवलं, मी वाढवलं. कुठे काही अडलं की फोन मला येतो. रकिया म्हणते, लग्न माझ्याशी झालं पण संसार त्या यंत्राशी चाललाय.

हाज म्हणाले, दुसऱ्या कुठल्याशा संघात कुणीतरी बाहेरून आत शिरून टँकर भलत्याच गावांना पाठवले. असेल. तिथे मी नव्हतो.

७ फेब्रुवारी, बुधवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

पोरगीनं सकाळी मानाचं 'सी' लावून मला सांगितलं, "सी शर्की, तुम्ही रोजच्यासारखं लॉगिन करा, मी पलीकडे बसते." पलीकडे म्हणजे जिलालीच्या टेबलाशी. जिलाली हा टँकरांचा मुकादम, माझा जुना दोस्त. हाजही तिथे, हिशेबनीसही तिथे. मी पासवर्ड टाकला. पलीकडून तिनं तो जसाच्या तसा मोठ्यानं वाचला.

पासवर्ड होता 'शर्कीशिवायकाहीनाही'.

आता हे काही गुपित नव्हतं. सगळा संघ तोच एक पासवर्ड वापरतो, रखवालदारसुद्धा. इतकी वर्षं सगळे रोज सकाळी हेच टाइप करत होते आणि कुणी कधी हसलं नव्हतं. तिच्या तोंडून ऐकल्यावर मात्र हाजनी तोंडावर हात घेतला, आणि जिलाली तर खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

"तारेतून हा असा उघडा जातो," ती म्हणाली. "झाकण नसलेल्या कॅनमधून दूध न्यावं तसा. वाटेत कुणीही बोट बुडवावं. आणि सगळ्यांचं नाव एकच, त्यामुळे कुणी काहीही केलं तरी नोंदीत 'संघ' एवढंच येतं."

"ते बरंच आहे की," जिलाली म्हणाला. "चूक झाली तर संघाची. माझ्या बायकोला सांगायला हवं, घरातही अशीच पद्धत ठेवू."

पुन्हा हशा. तीही हसली. मीही हसलो, नाहीतर सगळ्यांच्या लक्षात आलं असतं.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवारी दुपारी संघात कुसकुसचं एकच मोठं ताट असतं आणि आम्ही भोवती बसतो. माझी जागा हाजच्या उजव्या हाताला. आज मी हात धुऊन येईपर्यंत तिथे गिझलान. हाजनी स्वतःच्या हातानं मांसाचा मऊ तुकडा तिच्या बाजूला सरकवला. माझ्या बाजूला भोपळा आला. मला भोपळा आवडत नाही, हे त्या ताटाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

सगळे तिला लाल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणायला लागलेत. लाल्ला गिझलान इकडे, लाल्ला गिझलान तिकडे. माझ्या नावाआधी 'सी' लागायला केस पिकावे लागले. हिला हा मान दुसऱ्या आठवड्यात मिळाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण तेही उलटून गेले की.

जेवण झाल्यावर ती गेल्या शुक्रवारसारखीच कासाब्लांकाच्या बसला पळाली. शुक्रवारी जाते, सोमवारी सकाळी डोळे सुजवून येते. शहरातली पोरं, जागरणं असणारच.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

कुलूप लागलं. आता प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. शिवाय फोनवर सहा आकडे येतात, तेही टाकायचे. तारेतून जे जातं ते म्हणे आता असं गुंडाळलेलं असतं की मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही. ब्राउझरच्या कोपऱ्यात कुलपाचं चित्र उमटलं तेव्हा हिशेबनिसानं टाळ्या वाजवल्या. कुलपाच्या चित्राला टाळ्या!

जिलालीनं विचारलं, "लाल्ला, हे आकडे फोनला कोण पाठवतं?"

"कुणीच नाही. फोन आपल्या घड्याळावरून आकडा काढतो आणि आपलं यंत्र त्याच्या घड्याळावरून. दोघांचा जुळला की दार उघडतं."

"म्हणजे नवराबायको. एकाच वेळेला एकच बोलले तर घर चालतं."

ती खळखळून हसली. मी फडताळ आवरत होतो, म्हणजे आवरण्याचं निमित्त करत होतो. त्याचे विनोद मी इतकी वर्षं ऐकतोय, इतकं हसण्यासारखं त्यात काही नसतं.

नंतर ती माझ्याकडे आली. "सी शर्की, बसा ना शेजारी. सर्टिफिकेट कुठून येतं, कसं बदलायचं, सगळं दाखवते. आणि हे दहा जादाचे आकडे घ्या. कधी फोन चालेनासा झाला तर यांनी आत शिरता येतं."

"मला गरज नाही," मी म्हटलं. "मला कोण अडवणार?"

ते आकडे घेऊन ती परत गेली. मला शिकवायला निघालीय. माझ्याच घरात मला मोरी कुठे आहे ते दाखवणार.

१ मार्च, शुक्रवार

फोन वाजत नाही. या आठवड्यात एकदाही नाही. पूर्वी जेवणाचा पहिला घास घेतला की कुणीतरी हमखास करायचं, सी शर्की, पासवर्ड चालत नाही, सी शर्की, बेरीज अडकली. आता पासवर्ड विसरला तर ज्याचा तो बदलून घेतो. काम अडलं तर त्या त्या माणसालाच तसा निरोप जातो. रकिया खूश आहे. म्हणाली, "घरी आलेला नवरा घरीच असतो, असं पहिल्यांदाच बघतेय." मी ताटावरून उठून फोन चार्जिंगला आहे का ते पाहून आलो. होता.

आज निघताना गिझलाननं विचारलं, "रमजानचं घड्याळ इथे कसं करता?"

दर वर्षी रमजानच्या आधीच्या रविवारी पहाटे सगळ्या देशाचं घड्याळ एक तास मागे जातं आणि ईदनंतर परत पुढे येतं. आमच्या यंत्राला हे कधीच नीट समजलं नाही. म्हणून मी आदल्या शनिवारी संध्याकाळी हातानं काटा मागे घेतो. हे फक्त मला माहीत आहे. इतकी वर्षं रमजानात दूध वेळेवर गेलं ते माझ्या हातानं.

मी म्हटलं, "होतं ते आपोआप. तुम्ही काळजी करू नका."

ती म्हणाली, "बरं झालं. मी देशाच्या वेळेची नवी कोष्टकं घातली आहेत, तरी विचारलेलं बरं." आणि बस पकडायला गेली.

कोष्टकं! घालू दे. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. त्या रविवारी सगळा संघ बघेल घड्याळ कुणाच्या हातात आहे.

६ मार्च, बुधवार

जिलाली आता चहा तिच्या टेबलाशी पितो. विचारलं तर म्हणाला, "अरे, तिच्याकडचा पुदिना ताजा असतो."

ती दुपारी फोन घेऊन अंगणात जाते, लिंबाच्या झाडाखाली उभी राहून हळू आवाजात बोलते. दुसऱ्या नोकरीची बोलणी चालली असणार. अशी माणसं एका जागी टिकत नाहीत. आपल्याला काय, जाईल तेव्हा जाईल. पण जाण्याआधी सगळ्यांना लळा लावून जाईल, हे वाईट.

९ मार्च, शनिवार

घड्याळ लावून आलो. वेळ बाहेरून जुळवून घ्यायची एक सोय तिनं चालू ठेवली होती, ती आधी बंद करावी लागली, नाहीतर काटा परत पहिल्या जागी येतो. मग एक तास मागे. झालं. एका बोटाचं काम. ते करताना किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. बऱ्याच दिवसांनी यंत्राच्या अंगाला हात लावला.

रकियानं बाजारातून खजूर आणले आहेत. सोमवारी चंद्र दिसला तर मंगळवारी पहिला रोजा.

१० मार्च, रविवार

सकाळी जिलालीचा फोन. आनंद झाला होता, पण त्याचं पहिलंच वाक्य ऐकून तो गेला. "लाल्ला गिझलानला किती वेळ लावतोय, उचलतच नाही. म्हणून तुला केला."

म्हणजे माझा नंबर दुसरा.

संघात पोचलो तर अंगणात सगळे टँकर उभे आणि चालक कठड्यावर बसलेले. फेऱ्यांचा कागदच निघाला नव्हता. आत जाऊन हातानं काम सोडावं म्हटलं, तर दार उघडेना. मी सहा आकडे टाकले, नाही. जिलालीनं टाकले, नाही. हिशेबनिसाला घरून उठवून आणलं, त्याचेही नाहीत. प्रत्येक वेळी तेच वाक्य, आकडा चुकीचा आहे.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, खोटं कशाला बोलू, चांगलं मोठ्यानं म्हटलं, "हे बघा कासाब्लांकाचं कुलूप. चोर बाहेर आणि मालकही बाहेर." एक-दोघे हसले. जिलाली हसला नाही. तो म्हणाला, "शर्की, ऊन चढतंय. दूध केंद्रांवर पडलंय."

मग तिचा फोन लागला. मागे कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सी शर्की, ते दहा जादाचे आकडे तुम्ही घेतले होते का?"

"नाही."

ती म्हणाली, "बाहेरून आत यायची वाट मीच बंद केली आहे. मला तिथे यावं लागेल. निघते."

बऱ्याच उशिरानं कागद आपला आपणच निघाला, पण त्यातली पहिली वेळ केव्हाच उलटून गेली होती. टँकर गेले. ज्या केंद्रांवर कूलर आहेत तिथलं दूध वाचलं. डोंगराकडच्या गावांत कूलर नाहीत, तिथले कॅन आंबून गेले. परवा-तेरवा लोक खजूर आणि दुधावर पहिला रोजा सोडणार, आणि आमच्या गाड्या अर्ध्या रिकाम्या.

दुपारी ती आली. शुक्रवारचेच कपडे, डोळे तसेच सुजलेले. आपल्या जादाच्या आकड्यानं आत शिरली, थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग टकटक करून घड्याळ जागेवर आणलं आणि सगळ्यांचे आकडे चालायला लागले. म्हणजे घड्याळात गडबड होती. तिची ती कोष्टकं नडली असणार.

११ मार्च, सोमवार

कोष्टकं नव्हती.

आता वेळापत्रकात प्रत्येक गोष्टीची नोंद होते, कुणी केली त्याच्या नावानं. आज मी ती उघडली, तिची चूक हातात धरून हाजकडे जावं म्हणून. शनिवारची ओळ होती. 'शर्की. वेळ बदलली.' त्याच्या खाली, रविवार पहाट, यंत्रानं आपणहून तास मागे घेतला. कोष्टकं बरोबर होती. दोनदा मागे गेलं घड्याळ, एकदा माझ्या हातानं आणि एकदा त्याच्या त्याच्या. सगळ्यांचे फोन एका वेळेला आणि आमचं यंत्र दुसऱ्याच. आकडे जुळणार कुठून?

तिनं हे काल पाहिलं. ती एक नजर आता कळली.

हाजनी तिला आत बोलावलं होतं. दार बंद. मी बाहेर उभा राहिलो. आता ती बाहेर येईल आणि मला आत पाठवील. ती आली, मला म्हणाली, "चंद्र दिसला तर उद्या भेटू," आणि निघून गेली.

१५ मार्च, शुक्रवार

रोज वाटतं आज सांगेल. सांगत नाही.

आज जिलालीकडून कळलं. हाजनी तिला विचारलं, घड्याळ कुणी फिरवलं? ती म्हणाली, "संघानं." हाज म्हणाले, मला नाव हवं. ती म्हणाली, "घड्याळ सांभाळणं माझं काम होतं. मी एकदा विचारलं, दोनदा विचारायला हवं होतं."

"आणि हाज?" मी विचारलं.

"भडकले. पहिल्या रोज्याला शहराला दूध देता आलं नाही, म्हातारा ते आयुष्यभर विसरणार नाही." जिलालीनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "काय रे, तुला तर आनंद व्हायला हवा."

खरंच व्हायला हवा होता.

१९ मार्च, मंगळवार

टँकरचे चालक तिला रोज विचारतात, "लाल्ला, किती वाजले?" आणि हसतात. ती आपलं मनगट पुढे करून वेळ सांगते, निमूटपणे. हिशेबनीस आता तिला नुसतं गिझलान म्हणतो. हाजनी आज नमस्कारसुद्धा घेतला नाही तिचा.

हे सगळं मला हवं होतं. मिळालं तर घशाखाली उतरत नाही. रोजा असल्यामुळे असेल.

मला सर्वांत जास्त कशाचा राग येतो ते सांगतो. तिनं मला वाचवलं याचा. कुणी सांगितलं होतं? आधी तिला पांढरे बूट होते, शिक्षण होतं, हाजच्या उजव्या हाताची जागा होती, जिलालीचा चहा होता. आता तिला मोठं मनही आहे. माझ्यासाठी काय शिल्लक ठेवलं तिनं?

२१ मार्च, गुरुवार

हाजना सांगून आलो.

चांगुलपणानं नाही गेलो, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मला स्वतःविषयी भलता अभिमान व्हायला नको. सकाळी चालकांनी तिला पुन्हा वेळ विचारली, तिनं पुन्हा सांगितली, आणि माझ्या मनात आलं, ही जितके दिवस गप्प बसेल तितकी वर जाईल आणि मी तितका खाली. उठलो आणि तडक हाजच्या खोलीत गेलो. "घड्याळ मी फिरवलं," म्हटलं. "तिनं विचारलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

हाजची जपमाळ थांबली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मुद्दाम का?"

"ती आल्यापासून माझं पोट दुखतं, म्हणून."

"शर्की," ते म्हणाले, "ती ईदला कायमची परत जाणार आहे. पहिल्या दिवशी तुझ्यासमोर सांगितलं होतं मी. आई आजारी आहे तिची, एकटी आहे. इथलं काम ईदपर्यंतच करीन, या अटीवरच ती आली. आणि गेल्या आठवड्यात, मी तिच्यावर इतका तापलेलो असताना, ती मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, माझ्यामागे सगळं सी शर्कींकडे द्या. त्या वेळापत्रकावर त्यांच्याइतका जीव कुणाचा नाही."

मी जमिनीकडे बघत होतो.

"आणि मी देणार होतो. आता सांग, कसं देऊ? जो माणूस विचारल्यावर खरं सांगत नाही, त्याच्या हाती शहराचं दूध?" त्यांनी जपमाळ पुन्हा फिरवायला घेतली. "तिला थांबवावं लागेल. निदान उन्हाळा संपेपर्यंत."

हात दाखवून अवलक्षण. दुसरा शब्द नाही.

२२ मार्च, शुक्रवार

तिला हाजनी सांगितलं असावं. लिंबाच्या झाडाखाली ती फोनवर बोलत होती, मी जवळ जाऊन उभा राहिलो. या वेळी आवाज हळू नव्हता. "नाही आई. ईदला येते, पण परत जावं लागेल. नाही, रडू नकोस. औषध घेतलंस का?"

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. इतक्या दिवसांत ती चिडलेली मी पाहिली नव्हती.

"झालं समाधान?"

"मी खरं सांगितलं," मी म्हटलं.

"कुणी विचारलं होतं? मी सगळं अंगावर घेतलं होतं ना? चार दिवस टोमणे खायचे आणि घरी जायचं, एवढंच होतं. तुम्हाला तेवढंही बघवलं नाही."

"मला माहीत नव्हतं तुमच्या आईचं."

"दर शुक्रवारी कुठे जाते, असं कधी विचारलंत? मी किती वेळा म्हटलं, सी शर्की, बसा शेजारी. तुम्ही आपले फडताळं आवरत बसलात. संघातलं सगळ्यांत स्वच्छ फडताळ तुमचं आहे."

तिची बस चुकली होती. रोज्याच्या दिवसांत चहा तरी कसा विचारणार? मी गाडी काढली आणि पुढच्या बससाठी तिला स्थानकावर सोडलं. उतरताना मी म्हटलं, "सोमवारी मी खुर्ची घेऊन येतो. तुमच्या टेबलाशी." ती म्हणाली, "या," आणि दार जरा जोरातच लावलं.

२६ मार्च, मंगळवार

काल खुर्ची नेली. जिलाली बघत होता. "जागा बदललीस?" म्हणाला. मी म्हटलं, "इथला पुदिना ताजा असतो." रोज्यात पुदिना कुठला, पण तो समजला आणि गप्प बसला.

हाजकडे गेलो होतो. म्हटलं, ईदपर्यंत मी सगळं शिकलो तर तिला जाऊ द्याल? ते म्हणाले, "मला यातलं काय कळतं? ती म्हणाली तू तयार आहेस, तर जाऊ देईन." मग थोडं थांबून, "आणि शर्की, तिला खोटं बोलायला लावू नकोस. घरी जायच्या ओढीनं ती बोलेलसुद्धा."

३० मार्च, शनिवार

ती या वेळी कासाब्लांकाला गेली नाही, माझ्यासाठी थांबली. सर्टिफिकेट म्हणजे यंत्राचं ओळखपत्र, मुदत संपायच्या आत बदलायचं. पासवर्ड यंत्रालासुद्धा कळता कामा नये, त्याचा चुरा करून ठेवायचा, आणि टाकलेल्या पासवर्डचा तसाच चुरा झाला तरच दार उघडायचं. हे ऐकून मला इतकं नवल वाटलं की मी दोनदा समजावून घेतलं. कुणी काय करू शकतं याच्या पायऱ्या असतात. जिलालीनं फेऱ्या बघाव्यात, घड्याळाला हात लावू नये.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही लावावा. पण दोघांच्या संमतीनं. आता असं केलंय की एकट्याला लावताच येत नाही."

"माझ्यामुळे?"

"हो," ती म्हणाली. "चांगली सुधारणा आहे, मला सुचली नसती."

चांगली शिकवते. मला लवकर समजतं असंही म्हणाली. हे कुणासमोर म्हणाली असती तर बरं झालं असतं, पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

४ एप्रिल, गुरुवार

आज तिनं परीक्षा घेतली. मला बाहेर पाठवून आत काहीतरी बिघडवून ठेवलं. परत आलो तर सगळ्या केंद्रांची दारं बंद. केंद्रावरून आमच्याशी बोलणारं प्रत्येक यंत्र नाकारलं जात होतं. पूर्वीचा मी असतो तर कुलूपच उपटून टाकलं असतं. आज आधी नोंद वाचली. मग ओळखपत्र पाहिलं, ते दुसऱ्याच नावाचं लावून ठेवलं होतं. बरोबर नावाचं लावलं. दारं उघडली.

मी विचारलं, "आता हाजना काय सांगणार?"

"की तयार आहेत."

"खरं सांगा. घरी जायच्या ओढीनं म्हणताय का?"

"घरी जायची ओढ आहेच," ती म्हणाली. "पण तुम्ही हे विचारलंत, म्हणून तयार आहात."

८ एप्रिल, सोमवार

गेली. चालकांनी लोण्याचा डबा दिला, हिशेबनिसानं पुन्हा लाल्ला म्हटलं, हाज दरवाज्यापर्यंत आले. मी सगळ्यांच्या मागे होतो. घड्याळ कुणी फिरवलं हे मीच चालकांना सांगून टाकलं होतं, त्यामुळे आता ते वेळ मला विचारतात.

१५ एप्रिल, सोमवार

ईद झाली. काल पहाटे घड्याळ पुढे गेलं. फेऱ्यांचा कागद वेळेवर निघाला, टँकर वेळेवर गेले. मी घरी झोपलेलो होतो.

आज दुपारी गिझलानचा फोन आला, रविवार कसा गेला ते विचारायला. आई हिंडूफिरू लागली आहे. हिनं तिथेच एका बंदराच्या कंपनीत आजपासून काम धरलं, जहाजं रिकामी करायचं वेळापत्रक, आमच्यासारखंच, खूप मोठं. आणि आमच्यासारखंच उघडं.

"शेजारी कुणी आहे का?" मी विचारलं. "बघायला, समजून घ्यायला?"

"आहेत ना. सी अल-अर्बी म्हणून आहेत. वेळापत्रक त्यांनीच बसवलंय. सगळे पासवर्ड त्यांच्या डोक्यात, कुणाला हात लावू देत नाहीत. पण मी म्हटल्यावर आज लगेच खुर्ची घेऊन आले."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी. फार हुशार आहेत, सी शर्की. तुम्हाला आवडतील."

मी म्हटलं, छान झालं. फोन ठेवला. रकियानं ताट वाढलं होतं. म्हणाली, जेवत का नाहीस? मी म्हटलं, भूक नाही. पहिल्याच दिवशी खुर्ची घेऊन आला म्हणे.